गाठीचा करंडा, मुळाचं झाकण: दोन लाकडांचं कातीव काम

माझा पहिला दोन लाकडांचा करंडा नऊ महिने टिकला. चिंचेच्या गाठीचं फिकट पिवळं पोट, तोंडावर सागाच्या मुळाची गडद कडी, अराल्डाइटने घट्ट बसवलेली. भर ऑगस्टमध्ये कुडाळात कातला आणि दिवाळीला नागपूरच्या मावशीला दिला. मे महिन्यात तिचा फोन आला, "अरे, तुझा करंडा तडकला नं! रात्री फट्‌कन आवाज आला, मला वाटलं पालीनं काही पाडलं." कडी दोन ठिकाणी फाटली होती. गाठीच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

दोन वेगळ्या लाकडांची वस्तू लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर, बिघडते ती थोडी. जास्त बिघडते ती लाकूड निवडताना, वाळवताना आणि ती दोन लाकडं एकमेकांना कशी भेटवायची हे ठरवताना. म्हणून या लेखात कातण्यापेक्षा त्याआधीच्या गोष्टी जास्त आहेत. लेथवर साधा वाडगा कातून झालेला असेल, हत्याराला धार लावता येत असेल, तर पुढचं जमेल. नसेल तर आधी आंब्याच्या लाकडाचे चार वाडगे कातून या. गाठ नवशिक्याच्या हातात देऊ नये.

गाठ आणि मूळ: स्वभाव वेगळे

झाडाच्या खोडावर आवाळूसारखा फुगवटा येतो, ती गाठ. जखम, कीड, बुरशी किंवा दुसऱ्या कशाच्या तरी त्रासाने त्या जागी असंख्य सुप्त कोंब एकावर एक दाटतात आणि कुठलाच नीट फांदी होत नाही. त्यामुळे आतले तंतू एका दिशेने जात नाहीत, वाट्टेल तिकडे वळतात. कापल्यावर जे बारीक डोळे दिसतात ते या कोंबांचे. तंतूंना दिशा नसल्यामुळे गाठ वाळताना साधारण सगळीकडून सारखी आकसते. पृष्ठभागावर थोडे उंचवटे येतात, पण ती सरळ लाकडासारखी उभी फाटत नाही. सरपणवाल्यांना हे आपल्या आधीपासून माहीत आहे. कुऱ्हाडीने फुटत नाही म्हणून गाठ वखारीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहते आणि विचारलं की स्वस्तात मिळते.

मुळाचं तसं नाही. त्याला दिशा आहे. बुडख्याजवळ, जिथे खोड पसरून मुळं होतात, तिथे झाडाच्या वजनाने आणि वाऱ्याच्या हेलकाव्याने तंतू लाटांसारखे दाबलेले असतात. तिथलं लाकूड दिसायला देखणं असतं, पण आडव्या दिशेने चांगलं आकसतं आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणजे मुळाची गोल चकती वाळली की लंबगोल होते, गाठीची गोल चकती बरीचशी गोल राहते. या दोघांना गोंदाने जखडलं की काय होतं ते मावशीने ऐकलं.

अमेरिकेत मेल्विन लिंडक्विस्ट आणि त्यांचा मुलगा मार्क यांनी गाठी आणि बुरशीच्या रेषा आलेलं लाकूड लेथवर चढवून त्याला कलावस्तूचा मान मिळवून दिला. तोपर्यंत असलं लाकूड सदोष म्हणून बाजूला टाकलं जाई. आपल्याकडे लेथवरची परंपरा सावंतवाडीची आणि शेजारच्या कर्नाटकात चन्नपट्टणची. पण ती एकसारख्या, मऊ, फिकट लाकडावर लाखेचा रंग चढवणारी. चन्नपट्टणला वापरतात तो आपला काळा कुडा. तिथे लाकडाने गप्प बसायचं असतं, रंग बोलतो. इथे उलटं आहे.

जोडी जमवणं

रंगाचा विरोध सगळ्यांना दिसतो, फिकट आणि गडद. पण नुसत्या रंगावर गेलात तर वस्तू बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते. खरा विरोध पोताचा असतो. गाठ आधीच गजबजलेली असते. तिच्या शेजारी लाटालाटांचं, गाठाळ मूळ ठेवलं तर डोळा कुठेच टिकत नाही. म्हणून मुळाचा त्यातल्या त्यात शांत भाग निवडा आणि त्याचं मूळपण दिसू द्या ते त्याच्या बाहेरच्या सालपटलेल्या, खडबडीत पाठीतून. खाली गुळगुळीत, डोळेदार पोट आणि वर न कातलेली पाठ असलेलं झाकण, ही जोडी मला सगळ्यात आवडते.

माझी नेहमीची जोडी चिंचेची गाठ आणि सागाचा बुडखा. चिंचेचं बाहेरचं लाकूड फिकट पिवळं असतं, जुन्या झाडाचा गाभा मात्र जांभळट काळा. गाठीत हे दोन्ही सापडले तर नशीब. चिंच पाडल्यावर ओली पडून राहिली तर तिच्यात बुरशी लवकर शिरते आणि काळ्या रेषा उमटतात. त्या सुंदर दिसतात, पण रेषांच्या आतलं लाकूड नखाने दाबून बघा. नख रुतलं तर ते लाकूड लेथवर उडणार. सागाचा बुडखा तेल लागलं की गडद तांबूस होतो. जांभूळ, शिरीष, आंबा यांच्या जुन्या खोडांवरही गाठी मिळतात. आंब्याची गाठ मऊ असते, शिकायला बरी.

लाकूड आणायचं कुठून? पावसाळ्यात पडलेली झाडं, वाडीतल्या जुन्या कलमांची छाटणी, सॉ मिल, सरपणाची वखार. जिवंत झाडाची गाठ कापून आणू नका. ती जखम झाड भरून काढू शकत नाही आणि तिथून खोड कुजायला लागतं. 'आमच्याच परसातलं आहे' हे कायद्यापुढे पुरत नाही. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत सागाबरोबर चिंच, आंबा, फणस, जांभूळ अशी घरची वाटणारी झाडंही आहेत, आणि शहरात 1975 चा वेगळा कायदा लागतो. पडलेलं झाड उचलून नेतानाही वाहतुकीचा परवाना लागू शकतो, वनखात्यात आधी विचारा. शिसवीचं मूळ मिळालं तर मोह होतो, पण शिसवीच्या 'डालबर्जिया' वंशातली सगळी झाडं 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहेत. अमेरिकेतल्या भाच्याला शिसवीचा करंडा पाठवणार असाल तर आधी कागदपत्रांची चौकशी करा.

साफसफाई, अगदी कंटाळा येईपर्यंत

मूळ म्हणजे दगड. ते वाढताना खडे पोटात घेतं आणि वरून लाकूड चढवतं. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग तारेचा ब्रश, मग दाभणाने प्रत्येक फट उकरायची. एकदा वाटाण्याएवढा खडा माझ्या नजरेतून सुटला आणि गाउजची, म्हणजे कातायच्या पन्हाळीसारख्या पटाशीची, धार क्षणात गेली. धार गेली याचं काही नाही, तो खडा समोरच्या भिंतीवर आपटला याचं आहे.

रस्त्याकडेच्या चिंचेच्या खोडात खिळे असतात, पाट्या लावलेले, तारा ठोकलेले, गुरं बांधलेले. गाठीत ते गडप झालेले असतात. भिंतीतल्या तारा शोधायचं छोटं यंत्र मिळतं, ते फिरवा. लाकडात निळसर काळा डाग दिसला तर जवळ लोखंड आहे असं धरून चाला. सागात आणि चिंचेत लोखंडाने असा डाग पडतो.

गाठ कापायची दिशा

बऱ्याच लेखांत हे एका ओळीत उरकतात. गाठीतले कोंब आतून बाहेर, सुयांसारखे निघतात. सुई टोकाकडून पाहिली तर ठिपका, बाजूने पाहिली तर रेघ. म्हणजे गाठीच्या घुमटाला समांतर जो पृष्ठभाग येईल तिथे डोळे दिसतील, आणि घुमट उभा चिरला तर आगीच्या जिभांसारख्या रेघा.

आपल्याला करंड्याच्या अंगावर डोळे हवेत. म्हणून गाठीचा घुमट खाली, खोडाकडची सपाट बाजू वर. करंड्याचं गोल पोट घुमटाच्या वळणाबरोबर जातं आणि डोळे चहूबाजूंनी येतात. सालीची नैसर्गिक कड राखलेला वाडगा करायचा असेल तर उलट, साल वर. तेव्हा अंगावर रेघा येतील, तेही वाईट नाही, पण आधी माहीत असलेलं बरं. कापण्यापूर्वी खडूने वर्तुळ काढा आणि तुकडा हातात फिरवून दहा मिनिटं बघा. मी रात्रभर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतो. घरचे बोलतात.

या करंड्यासाठी गाठीचा तुकडा साधारण 125 मिमी रुंद आणि 90 मिमी उंच लागेल. मुळाचा तुकडा 100 मिमी रुंद, 40 मिमी जाड आणि एका बाजूला मूळची पाठ शाबूत.

पहिली कातणी आणि वाळवण

ओल्या गाठीचा अख्खा ठोकळा वाळवायला वर्ष दोन वर्षं जातात आणि तरी आत ओल राहते. त्यापेक्षा ओली असतानाच जाडसर कातून घ्या. सपाट बाजूला फेसप्लेट (लेथवर बसणारी धातूची तबकडी) लावा, जाड, किमान 30 मिमी लाकडात जाणारे स्क्रू वापरा. ड्रायवॉलचे काळे स्क्रू नकोत, ते तुटतात. टेलस्टॉक, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाचा सरकता आधार, पुढे आणून टेकवा, हाताने एक पूर्ण फेरी फिरवून तुकडा टूल रेस्टला (हत्यार टेकवायच्या पट्टीला) लागत नाही ना ते बघा आणि मगच चालू करा. सुरुवातीला वेग मिनिटाला 400 ते 500 फेऱ्यांच्या वर नेऊ नका. तुकडा समतोल झाल्यावर ढोबळ हिशेब असा: व्यास इंचात गुणिले फेऱ्या, हा गुणाकार 6000 ते 9000 च्या मध्ये ठेवायचा. पाच इंचाला 1200 ते 1800. भोकं आणि भेगा असलेल्या गाठीला मी कधीच वरच्या आकड्याकडे जात नाही.

चेहऱ्यावर पूर्ण शील्ड घाला, नुसता चष्मा पुरत नाही. हातमोजे नकोत, ओढणी नको, सैल बाही नको. लेथ चालू करताना तुकड्याच्या रेषेत उभं राहू नका, बाजूला व्हा. नाकाला एन-95 तरी हवाच. सागाचा भुसा बऱ्याच जणांच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही, आणि तो त्रास वर्षागणिक वाढत जातो.

या पहिल्या कातणीत भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाएवढी ठेवतात, म्हणजे 12–13 मिमी. मी गाठीला 15 ठेवतो, कारण नंतर पृष्ठभाग खवल्यासारखा होतो आणि तो काढायला लाकूड लागतं. तळाला चकसाठी (तुकडा पकडणाऱ्या लेथच्या जबड्यासाठी) 50 मिमी व्यासाची, 6 मिमी उंचीची टाच सोडा. टाचेत साल किंवा भेग अजिबात नको. घुमट खाली असल्यामुळे नेमकी तिथेच साल यायचा धोका असतो, म्हणून खालून आधी पुरेसं कातून घ्या.

आता वाळवण. वाटीला त्याच लाकडाच्या ढलप्यांमध्ये गाडून कागदी पिशवीत ठेवा आणि पिशवीवर तारीख आणि वजन लिहा. दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करा. लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही की वाळली. मुळाच्या तुकड्याच्या कापलेल्या टोकांना मेण फासा आणि सावलीत ठेवा, तो जास्त वेळ घेईल.

पण 'वाळली' म्हणजे कुठल्या हवेत? कोकणात जुलैमध्ये उघड्यावरचं लाकूड 16 टक्क्यांच्या वर पाणी धरतं, विदर्भात मे महिन्यात तेच 6–7 टक्क्यांवर येतं. सागाच्या 60 मिमी रुंद चकतीत या फरकाने तंतूंच्या आडव्या दिशेला सुमारे एक मिलिमीटर फरक पडतो आणि लांबीच्या दिशेला जवळजवळ नाहीच. झाकण अडकायला किंवा निसटायला एवढं पुरे. म्हणून शेवटची कातणी फेब्रुवारी–मार्चमध्ये करा. तेव्हा लाकूड वर्षातल्या दोन टोकांच्या मधोमध असतं. पावसाळ्यात हात शिवशिवले तर पहिल्या कातण्या करून पिशव्या भरा.

पोट

वाळलेली वाटी वाकडी झालेली असणार. वाटीचं तोंड एका टाकाऊ लाकडाच्या चकतीवर टेकवा, तळाला टेलस्टॉकचं टोक लावून दाबा आणि आधी टाच पुन्हा गोल करा. मग ती चकमध्ये धरून बाहेरचा आकार.

गाठ कातताना 'तंतूंच्या बाजूने काप' हा नियम कामाचा नाही, बाजूच नाही तर काय करणार! इथे धारच सगळं करते. बाउल गाउजला पाच-सात मिनिटांनी धार लावायची तयारी ठेवा. चिंच हत्यार फार खाते. गाउजचा बेव्हल (धारेमागची तिरपी बाजू) लाकडावर टेकलेला असावा, काप पातळ, हात सावकाश. भोकाशी येताना हत्यार आत ओढलं जातं, म्हणून तिथे ते पुढे दाबू नका, फक्त धरून ठेवा. हलणारा प्रत्येक कण पातळ सीए गोंदाने (फेविक्विकसारख्या झटपट गोंदाने) पक्का करा आणि गोंद सुकेपर्यंत लेथ बंद ठेवा. मोठी फट असेल तर बाहेरून क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळून आतला भाग काता.

आकार साधा ठेवा. बाहेरचा व्यास 110 मिमी, उंची 75, तोंड 60. पोटाचा सगळ्यात रुंद भाग मध्याच्या थोडा वर. मधोमध ठेवला तर लाडू दिसतो. आतून आणखी पोकळ करताना आधी ड्रिलने मध्ये भोक घ्या, बिटला खोलीच्या खुणेची टेप लावा आणि तळाला 8 मिमी राखा. भिंत 5 मिमीपर्यंत आणा. फार पातळ करून कसब दाखवायची जागा ही नाही, कुंकवाचा करंडा हातात वजनदार लागायला हवा.

भोकं भरायची का? निळी रेझिनची नदी, सोनेरी चमकी, फिरोजी पूड, हे सगळं बाजारात चालतं. मी भरत नाही. तळाला भोक असेल तर तेवढं त्याच लाकडाचा भुसा आणि अराल्डाइट मिसळून बुजवतो, नाहीतर कुंकू गळेल. अंगावरची भोकं तशीच राहू द्यावीत, झाडाने ती मेहनतीने केलेली आहेत.

झाकण

मुळाच्या तुकड्याची खालची बाजू रंध्याने सपाट करा. तिच्या मध्यावर 45 मिमी व्यासाचा टाकाऊ लाकडाचा ठोकळा फेविकॉलने चिकटवा, मध्ये जाड ब्राउन पेपरचा तुकडा घाला. रात्रभर दाबून ठेवा. हा ठोकळा चकमध्ये धरायचा. वरच्या खडबडीत पाठीला टेलस्टॉकचं टोक थेट लावू नका, मध्ये लाकडाची छोटी चकती आणि चामड्याचा तुकडा घाला.

आता झाकणाची कड काता, 68 मिमी. पाठ काठापर्यंत तशीच येऊ द्या. कड जिथे पाठीला भेटते तिथे उंचसखल रेषा उमटते आणि झाकणाचं सगळं सौंदर्य तिथेच आहे. मग खालून तोंडात बसणारी पायरी, 6 मिमी उंच. तिचा व्यास 58.5. तोंड 60, म्हणजे दीड मिलिमीटर मोकळं, अर्ध्या सुताएवढं. जुन्या कातारी पद्धतीत झाकण 'फट्' आवाज करून बसलं पाहिजे असं मानतात. एकाच लाकडाच्या, एकाच दिशेने कापलेल्या डबीला ते ठीक. इथे झाकण नुसतं ठेवल्यासारखं बसायला हवं, पावसाळ्यात ते आपोआप नीट बसतं.

कागदाच्या जोडात पटाशी ठेवून हलका ठोका मारला की ठोकळा सुटतो. खालची बाजू हाताने घासून घ्या.

पोट आणि झाकण यांच्या मध्ये एक काळी रेषा असली तर दोन रंग एकमेकांत घुसत नाहीत. करंड्याच्या तोंडाखाली टोकदार हत्याराने बारीक खाच पाडा आणि लेथ चालू असताना तिच्यात तार घासून जाळा. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी हव्यात, बोटाला कधीही गुंडाळू नका. किंवा खाचेत लाखेची कांडी टेकवा. घर्षणाने लाख वितळून बसते, मग केवड्याच्या वाळक्या पानाने चमक आणायची. चन्नपट्टणला लाखकामात हेच पान वापरतात. भोकं नसलेल्या घट्ट भागातच ही लाख नीट धरते.

घासणं आणि पॉलिश

पॉलिश पेपरचे नंबर ओळीने 120, 180, 240, 320, 400. वेग निम्मा करा. प्रत्येक टप्प्यानंतर ब्रशने भुसा झाडा, गाठीच्या भोकांत अडकलेला जाड कण पुढच्या टप्प्यात ओरखडे काढतो. आणि पोट आणि झाकण एकत्र ठेवून कधीही घासू नका. सागाचा गडद भुसा चिंचेच्या फिकट छिद्रांत बसला की निघत नाही, पोट कळकट दिसतं. आधी पोट पूर्ण घासा, त्यावर पातळ चपड्याचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) एक हात मारून छिद्रं बंद करा आणि मग झाकण हातात घ्या.

चपडा घरी करायचा तर एक लिटर स्पिरिटला साधारण 120 ग्रॅम, रात्रभर भिजवून गाळून. पोटाला याचे तीन-चार पातळ हात, मध्ये 400 चा हलका पेपर, शेवटी मधमाश्यांचं मेण. फिकट लाकडाला जवसाचं तेल लावलं की ते पिवळट होत जातं, म्हणून तेल फक्त झाकणाला. खडबडीत पाठीवर तेल ब्रशने, आणि दहा मिनिटांनी सगळं जादा पुसून काढा. तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. दोरीवर सुटे पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

तळाची टाच शेवटी काढायची. तोंडात हलक्या दाबाने बसेल असा टाकाऊ लाकडाचा गुडदा काता, करंडा त्यावर उलटा बसवा, टेलस्टॉकने दाबा आणि टाच कातत मध्याकडे या. उरलेला छोटा खुंट पटाशीने उडवा आणि तिथेच आपली सही आणि लाकडांची नावं लिहा. दोन्ही नावं लिहा, पन्नास वर्षांनी विचारणारा कोणीतरी असतो.

करंडा उन्हात ठेवू नका, उन्हाने फिकट गडद होतं, गडद फिकट होतं आणि फरकच विरतो. कोणाला द्यायचा असेल तर एक पावसाळा घरी ठेवून मग द्या. ऑगस्टमध्ये झाकण अडकलं तर पिळून काढू नका, पायरी लंबगोल झालेली असते, म्हणून थोडं फिरवलं की सैल जागा सापडते. मग पायरीच्या ज्या दोन बाजू चकाकताना दिसतील तेवढ्याच 240 च्या पेपरने घासा, चारपाच हात पुरतात.